दोन कड्यांचा नंदी

आमच्या संग्रहालयात आल्यावर लोक पहिला प्रश्न कोणता विचारतात, सांगू? "बाई, पंखा कोणत्या खोलीत चालू आहे?" वर्ध्याच्या उन्हाळ्यात या प्रश्नाला मी कधी हसले नाही. कितीतरी माणसं पंख्याखाली दम खायला म्हणून आली आणि तिथे टांगलेला जुना पाळणा बघत अर्धा तास उभी राहिली. पंख्यानं आणलेला माणूसही माणूसच, असं मी मानत आले.

जिल्ह्याच्या इतिहासात रस असलेल्या चार-दोन हौशी मंडळींनी फार पूर्वी एक इतिहास मंडळ काढलं, आणि त्या मंडळाचं हे संग्रहालय. तीन खोल्या, एक व्हरांडा, समोर चार पायऱ्या. मी तिथे नोकरीला लागले ती कारकून म्हणून, आणि निवृत्त झाले ती संग्रहपाल म्हणून. मधल्या काळात खुर्ची तीच होती, फक्त नाव मोठं होत गेलं. माझ्या हाताखाली एक सदाशिव. तो शिपाई, तो राखणदार आणि उन्हाळ्यात पाणी भरणाराही तोच. डोक्यावर मंडळाचे सचिव धोटे वकील. कोर्टातून निवृत्त झाले तरी वकिली काही सुटली नव्हती. रोज संध्याकाळी पेपर वाचायला यायचे आणि जाता जाता एखादा नियम सांगून जायचे.

बाहेरच्याला वाटतं, या नोकरीत काय काम असणार? वस्तू मेलेल्या, माणसं कमी, बसा आरामात. अहो, वस्तू मेलेल्या असतील, पण त्यांना खाणारे जिवंत असतात ना! लाकडाला वाळवी, कापडाला कसर, कागदाला झुरळ आणि पावसाळ्यात सगळ्यांना मिळून बुरशी. कडुलिंबाचा पाला वाळवून कपाटात घालायचा, वस्तू मऊ ब्रशनं झटकायची, धुवायची नाही, घासायची नाही. प्रत्येक वस्तूला एक क्रमांक, तो तिच्या बुडाशी बारीक अक्षरात, दिसणार नाही असा. आणि हात लावायचा नाही. हाताच्या घामानं तांबं काळवंडतं, लाकूड चिकट होतं. एकदा मंडळाच्याच एका सभासदांच्या पत्नी आल्या होत्या. मी चहा घेत होते तेवढ्यात बाईंनी पिशवीतून चिंच काढली आणि आमचा शे-दीडशे वर्षांचा हंडा घासून लख्ख करून टाकला. वर मलाच म्हणाल्या, "अवो, किती कळकट ठेवलं होतं तुमी! मले पाहवलं नाई." मी डोक्याला हात लावला. पण त्यांचा चेहरा इतका प्रसन्न होता की रागावणार कोणावर?

लोकांचा आणखी एक समज असतो. घरात ठेवायला जागा नाही आणि टाकायलाही जीव होत नाही, अशी वस्तू द्यायची जागा म्हणजे संग्रहालय. एक गृहस्थ आधी वडिलांचा रेडिओ घेऊन आले, मग शिलाई मशीन, मग टेबल पंखा. चौथ्या खेपेला बंद पडलेला मिक्सर घेऊन आले तेव्हा मी म्हटलं, "भाऊ, वस्तू राहू द्या, तिची गोष्ट सांगा. गोष्ट असली तर मी मिक्सरसुद्धा ठेवते." ते विचारात पडले. मग म्हणाले, "गोष्ट अशी का याची वारंटी संपली." मिक्सर परत गेला.

पवनारकडचे एक शेतकरी होते, धाम नदीच्या काठी वांगी, मेथी लावायचे. बाजाराच्या दिवशी वर्ध्याला आले की गोणीत भाजी आणि खिशात ठिकऱ्या. नांगरताना मातीतून निघालेले खापराचे तुकडे, काही काळे, काही लाल. त्या बाजूला मातीत फार जुनी वस्ती गाडलेली आहे. मी त्यांना सांगितलं, हे तुकडे हजार-दीड हजार वर्षांपूर्वीचेही असू शकतात. त्यांनी तुकडा उलटा-सुलटा केला आणि विचारलं, "म्हंजे माह्या आज्याच्या आंधीचं?" म्हटलं, हो, आजोबांच्या बरंच आधीचं. "तवाबी वांगे लावत असन का जी इथं?" तुम्हाला सांगते, मी चार दिवस पुस्तकं चाळत होते. अशा प्रश्नांसाठीच मी ही नोकरी केली. माझी चौकशी करायची सवय घरच्यांना नकोशी व्हायची, इथे तिचं चीज झालं.

सावंगीच्या वैद्यकीय कॉलेजातली मुलं यायची, कुठकुठल्या राज्यांतली. ती बाकी काही बघायची नाहीत, सरळ तुंबडीपाशी जायची. तुंबडी म्हणजे शिंगाची नळी. दुखऱ्या जागी लावून तोंडानं ओढून रक्त काढायचे पूर्वी. मुलं फोटो काढायची, एकमेकांच्या पाठीला लावून बघायची. "हात लावू नका" असं मी ओरडायची आणि मग स्वतःच ती कशी लावत ते दाखवत बसायची.

पण मला आज सांगायचं आहे ते नंदीबद्दल.

तिसऱ्या खोलीत, खिडकीपाशी, चाकांच्या पाटावर उभा असलेला सागवानी नंदी. उंची चांगल्या गोऱ्ह्याएवढी. आमच्या भागात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. पोळा खऱ्या बैलांचा, तान्हा पोळा लाकडी बैलांचा आणि लेकरांचा. लेकरं आपापला नंदी सजवून, दोरीनं ओढत बाजारात आणतात, मग घरोघर नेऊन बोजारा, म्हणजे खाऊ-बक्षिसी, मागतात. सिंदी रेल्वेला तर याचा भारी थाट. तिथे घराण्याघराण्यांचे पिढीजात नंदी आहेत, काही माणसापेक्षा उंच. कोणाचा नंदी मोठा, कोणाची झूल भारी, यावर म्हातारी माणसंही लेकरांसारखी हिरीरीनं बोलतात.

आमचा नंदी सिंदीचाच. दोघा भावांचा. थोरला तुळशीराम, धाकटा मनोहर. बाप गेल्यावर वाटणी झाली. शेत वाटलं, घरात मधोमध भिंत आली, विहिरीच्या पाण्याची पाळी ठरली. नंदी काही वाटता येईना. तान्ह्या पोळ्याला तो बाजारात कोणी न्यायचा यावरून दोघं भर बाजारात, सगळ्या गावासमोर, नंदीला धरून ओढाताण करू लागले. पोरंबाळं असलेले बापे! त्या ओढाताणीत नंदीचं एक शिंग मोडलं. लेकरं रडायला लागली. मग गावातल्या जाणत्या माणसांनी ठरवलं, हा नंदी दोघांपैकी कोणाच्याच घरी नको, वर्ध्याच्या संग्रहालयाला देऊन टाका. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून तो आमच्याकडे आला. एक भाऊ पुढे बसला होता, एक मागे. शिंगाला आम्ही पितळी पट्टी मारून घेतली. त्या दिवसापासून त्या दोघांचं बोलणं बंद. एकाच घरात, भिंतीच्या अलीकडे-पलीकडे, आणि एकमेकांशी शब्द नाही. लग्नंकार्यं झाली, मयती झाल्या, तरी नाही.

मला मात्र शिंगापेक्षा दुसऱ्याच गोष्टीचं कुतूहल. लाकडी नंदीला दोरी बांधायला समोर एक कडी असते. या नंदीला दोन होत्या, तोंडाच्या डाव्या बाजूला एक, उजव्या बाजूला एक. जिल्ह्यातले मी पाहिले तेवढे नंदी आठवून बघितले, सुतारांना विचारलं. कोणालाच सांगता येईना. दोन कड्या कशासाठी?

उत्तर मिळालं ते पुढच्या पोळ्याच्या आदल्या दिवशी. दुपारी पायऱ्या चढून तुळशीराम भाऊ आले. धिप्पाड माणूस, डोक्याला फेटा, हातात कापडी पिशवी. सिंदीहून पॅसेंजरनं आले होते. नंदीपुढे उभे राहिले आणि पिशवीतून नवाकोरा कासरा काढला. कासरा म्हणजे बैलाला हाकायची दोरी. पोळ्याला बैलाला सगळं नवं लागतं. नवी वेसण, नवा कासरा. जुन्या दोरीवर बैल पोळ्यात उभा करणं म्हणजे घरधन्याला कमीपणा.

"बाई, इतकी बांधू द्या."

"भाऊ, वस्तूला हात लावता येत नाही. नियम आहे."

"वस्तू?" ते माझ्याकडे बघतच राहिले. "अवो, बैल हाय तो. पोया हाय. जुन्या दोरीवर ठेवता काय त्याले?"

मी विचार केला. भिंतीवरच्या जुन्या घड्याळाला आम्ही रोज चावी देतो, त्याला कोणी नियम सांगत नाही. मग दोरी बदलली तर काय बिघडलं? वकीलसाहेबांना विचारायच्या भानगडीत मी पडले नाही. म्हटलं, बांधा.

त्यांनी डाव्या कडीची जुनी दोरी सोडली आणि नवी बांधली. उजवीकडे बघितलंही नाही. मी लगेच विचारलं, दोन कड्या का?

ते पहिल्यांदा हसले. "आमी लहान असताना बी भांडू ना जी! दोरी कोन ओढन म्हनून. बाबानं लोहाराकडून दोन कड्या लावून आनल्या. म्हने, हे तुळशीची बाजू, हे मन्याची. एकट्यानं ओढला का तो वाकडाच जाते, गोल फिरते. दोघं लागले का सरका चालते. लय हुशार होता आमचा बाप." मग पिशवी खाली ठेवली. नंदीच्या कानाशी वाकले आणि हळूच काहीतरी पुटपुटले. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या कानात दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण देतात. मी पाठ फिरवून खिडकीची काच पुसत राहिले. आवतणाच्या मधे आपण कशाला?

जाताना म्हणाले, "मी आलतो म्हनून मनोहरले सांगू नोका."

पोळ्याच्या दिवशी संग्रहालय बंद. तान्ह्या पोळ्याला उघडलं तर मोटारसायकल लावून मनोहर हजर. अंगानं किडकिडीत, बोलणं फटकळ. त्याच्याही हातात कासरा! माझ्या तोंडून "अरे देवा" असं निघून गेलं.

"काऊन जी, काय झालं?"

"काही नाही. बांधा."

त्यानं उजव्या कडीला आपली दोरी बांधली. डावीकडची नवी दोरी बघितली, नुसतं "हं" केलं, आणि जाता जाता मला बजावलं, "मी येतो हे तिकडं सांगू नोका. भिंतीपलीकडं."

झालं. तेव्हापासून दरवर्षी तेच. आदल्या दिवशी थोरला, डावी बाजू. तान्ह्या पोळ्याला धाकटा, उजवी बाजू. उतरवलेल्या दोऱ्यांना चिठ्ठी लावून मी कपाटात ठेवायची, डावी, उजवी. दोघांनी मला शब्दात बांधून टाकलं होतं. एकाचं दुसऱ्याला सांगायचं नाही. मी माझ्या नवऱ्याजवळ तेवढी बोलले. तो म्हणाला, "तुझ्या पोटात एवढी मोठी गोष्ट राहिली कशी?" खरंच, मला पोटदुखी व्हायची वेळ आली होती. पण माझी समजूत अशी, की दोरी तर दिसतेच ना? प्रत्येकाला दुसऱ्याची नवी दोरी दिसत असेल, मनातून कळत असेल, नुसता हट्ट चालला आहे. एकदा तुळशीराम भाऊंनी विचारलंही, "उजवीची कोन बांधते जी?" मी शब्दाला जागून म्हटलं, "बांधतं कोणीतरी." त्यांनी गाठ बोटानं चाचपली आणि पिशवी उचलून निघाले. ते गेल्यावर मला वाटलं, यांना कळलं.

मी वाट बघायची. या वर्षी थोरला विचारेल, पुढच्या वर्षी धाकटा थांबेल. दोघांचे केस पिकले. तुळशीराम भाऊ पायऱ्या चढताना कठड्याला धरू लागले. माझ्या जिवाला एकच घोर, यातला एक जण आधी गेला तर? मग दुसरा कोणाशी न बोलण्याचा हट्ट धरेल?

आणि दोन वर्षांपूर्वी पोळ्याच्या आदल्या दिवशी तुळशीराम भाऊ आलेच नाहीत.

पाच वाजेपर्यंत मी पायऱ्यांकडे बघत होते. सदाशिव म्हणाला, "बाई, गाडी चुकली असन." गाडी चुकणाऱ्यातला तो माणूस नव्हता. अडीअडचणीला म्हणून त्यांनीच दिलेला लेकीचा नंबर माझ्याकडे होता, ती सावंगीला राहते. फोन लावला. तिनं सांगितलं, बाबा गोठ्यात घसरून पडले, खुब्याचं हाड मोडलं, इथल्याच दवाखान्यात ऑपरेशन झालं, आता माझ्याकडे आहेत. चालता येत नाही. "सकायपासून नुसतं दोरी दोरी करून राह्यले. कोन्ती दोरी ते सांगत नाई. तुमाले माईत हाय काय?"

मला माहीत होतं. पण मी शब्द दिलेला. म्हटलं, "विचारते त्यांना भेटून." फोन ठेवला आणि स्वतःच्याच शब्दाचा मला राग आला. असला कसला शब्द, ज्यानं कोणाचंच भलं होत नाही?

तान्ह्या पोळ्याला मनोहर नेहमीसारखा आला. बाहेर रस्त्यावर लेकरांचे नंदी खडखडत चालले होते. तो तिसऱ्या खोलीत गेला. मी माझ्या टेबलाशी बसून राहिले, काय बोलावं ते ठरत नव्हतं. तेवढ्यात आतून त्याचा आवाज आला. चढलेला.

"बाई! ओ बाई! इकडे या."

गेले.

"हे काय हाय? डावीकडची दोरी जुनीच हाय ना! या साली काऊन नाई बदलली तुमी?"

मला क्षणभर समजेना. "आम्ही?"

"नाई तं कोन? दरसाल तर नवी असते. मी म्हटलं, चाला, संग्रहालयवाले एका बाजूची तरी करून राह्यले. मायी मी आनतो, तिकडची तुमी बांधता. मंग या साली का झालं? एक दोरी जड झाली काय तुमच्या मंडळाले?"

इतकी वर्षं! इतकी वर्षं या माणसाला वाटत होतं की डावी दोरी आम्ही बांधतो. आणि मी समजत होते की त्याला सगळं कळतं. आम्ही दोघंही शहाणे.

मग मात्र मी शब्दबिब्द काही पाळला नाही. सरळ म्हटलं, "भाऊ, ती दोरी आम्ही कधीच बांधली नाही."

"मंग कोन बांधते?"

मी सांगायची गरजच पडली नाही. त्यानं डाव्या कडीकडे बघितलं, दोरीची गाठ हातात घेतली. गाठीकडे बघता बघता त्याचा चेहरा असा उतरत गेला की मला बघवेना. तिथे एक नवारीची जुनी खाट आहे, क्रमांक घातलेली, "बसू नये" असं लिहिलेली. तो तिच्यावर मटकन बसला. मी त्याला उठवलं नाही.

"दरसाल येत होता?"

"दरसाल. पोळ्याच्या आदल्या दिवशी. तुम्हाला सांगू नका म्हणाले होते."

"या साली नाई आला."

"खुबा मोडलाय त्यांचा. चालता येत नाही."

"माईत हाय मले." तो मान खाली घालून बोलत होता. "पडला त्या दिवशी भिंतीपलीकडून आवाज आयकला मी. गाडी आली, त्याले नेलं. मी दारातच उभा होतो. पाय उचलला नाई माहा. म्हटलं, त्याले मायी गरज नाई, मी काऊन जाऊ?" मग त्यानं हातातल्या कोऱ्या दोरीनं डोळे पुसले. काथ्याची ती खरखरीत दोरी, पण त्याचं लक्ष नव्हतं.

मी लेकीचा नंबर लावला आणि फोन त्याच्या हातात दिला. आवाज मोठा केला, कारण बाहेर लेकरांचा गलका चालू होता. आणि खरं सांगायचं तर मलाही ऐकायचं होतं.

"हॅलो, कोन?" तुळशीराम भाऊंचा आवाज. थकलेला.

मनोहरनं फोन माझ्याकडे परत करायला हात पुढे केला. मी हातानं खूण केली, बोला, बोला!

"मी हाओ."

तिकडे खाट करकरली. ते उठून बसत असावेत.

"मन्या?"

"हाव."

मग मनोहर एकदम म्हणाला, "डावी दोरी जुनीच हाय या साली."

"मंग बांधून टाक ना. तुह्या हातानं."

"मी काऊन बांधू? तुही बाजू हाय ते. तू ये. मी अठीच थांबतो."

"पाय नाई चालत रे माहा."

"मंग मी घ्याले येतो," असं म्हणून त्यानं फोन माझ्या हातात कोंबला आणि निघालाच. मोटारसायकल तिथेच, चावी तिच्यात. रस्त्यावरून ऑटो पकडला आणि सावंगीकडे गेला.

मी आणि सदाशिव वाट बघत बसलो. संध्याकाळी वकीलसाहेब आले. त्यांना सगळं सांगितलं तर पेपर तसाच राहिला. पाचाला बंद करायचं संग्रहालय मी त्या दिवशी बंद केलं नाही. मनात नाही नाही ते येत होतं. लेकीनं पाठवलंच नाही तर? थोरल्यानं तोंड फिरवलं तर? पहिल्या शब्दालाच पुन्हा ठिणगी पडली तर?

शेवटी ऑटो आला. मागच्या सीटवर पाय लांब करून तुळशीराम भाऊ, शेजारी त्यांना धरून लेक, आणि पुढे ड्रायव्हरला चिकटून मनोहर. भाऊंच्या मांडीवर नवा कासरा. वाटेत ऑटो थांबवून घेतला म्हणे.

आता प्रश्न आला पायऱ्यांचा. चार पायऱ्या, आणि डॉक्टरांनी त्यांना पाय हलवू नका म्हणून ताकीद दिलेली. उचलून न्यायचं म्हटलं तर लेक घाबरली. तुळशीराम भाऊ वर बघत म्हणाले, "राहू द्या बाई. इथूनच पायतो."

मी मनोहरकडे बघितलं, वकीलसाहेबांकडे बघितलं. म्हटलं, "नंदीला चाकं आहेत."

वकीलसाहेब दचकले. "वस्तू संग्रहालयाबाहेर काढता येत नाही, बाई. घटनेतच आहे आपल्या."

"व्हरांडा संग्रहालयातच येतो ना, वकीलसाहेब?"

त्यांनी व्हरांड्याकडे बघितलं, छताकडे बघितलं, चष्मा काढून पुसला. "बांधकामाच्या दृष्टीनं... येतो." आणि कोटाच्या बाह्या सावरून स्वतःच मागे ढकलायला उभे राहिले.

सदाशिव, मी आणि वकीलसाहेब, आम्ही तिघांनी नंदी ढकलत दोन दारांतून बाहेर आणला. इतक्या वर्षांची न फिरलेली चाकं, अशी करकरली की बाजूच्या दुकानातली माणसं बघायला आली. ऑटोवाल्यानं गाडी व्हरांड्याच्या कडेला अगदी लावून घेतली. तुळशीराम भाऊंचा हात नंदीच्या डाव्या कडीला बरोबर पोचला. उजवीकडे मनोहर.

दोघांनी आपापली जुनी दोरी सोडली. दोघांनी नवी बांधायला घेतली. मधे नंदीचं तोंड, त्यामुळे एकमेकांचा चेहरा दिसत नव्हता. तुळशीराम भाऊंची गाठ बसायला वेळ लागला. लेक मदतीला वाकली तर त्यांनी तिचा हात बाजूला केला. मला धास्ती वाटत होती. म्हटलं, आता दोरी बांधून होईल, हे परत ऑटोत जातील, तो मोटारसायकलवर जाईल, आणि सगळं पहिल्यासारखं.

गाठ झाली. तुळशीराम भाऊंनी मान वाकडी करून, नंदीच्या तोंडाखालून उजवीकडे बघितलं. बरंच बघितलं.

"ढिली बांधली तू."

"ढिली नाई. इतकीच लागते."

"इतकीच लागते म्हने! बाबा असेच बांधत होते काय?"

"बाबाचं मले नोको सांगू. बाबासंग शेवटपर्यंत मी होतो."

"तू होता? दवाखान्यात रातभर कोन बसला होता? अन् घोटभर पानी कोन पाजलं?"

"पानी तू पाजलं, मंग कुस कोनं बदलली? तोंडानं मोठा झाला लेकाचा!"

आवाज चढत चालले. दुकानातली माणसं पुढे सरकली. ऑटोवाला मागे वळून हसत होता. वकीलसाहेब माझ्या कानाशी आले, "बाई, अहो थांबवा यांना. भर रस्त्यावर भांडताहेत."

मला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही वाहत होतं. मी म्हटलं, "भांडू द्या, वकीलसाहेब. किती वर्षांचं बोलायचं राहून गेलंय त्यांचं."

आणि आतून मला आणि वकीलसाहेबांना दोन खुर्च्या आणायला मी सदाशिवला पाठवलं, कारण हे लवकर संपेल असं काही दिसत नव्हतं.